गुडघ्याला बाशिंग

पहाटे साडेपाचला जयगडात जागं असतं ते बोटीवरचं माणूस, नाहीतर बंदरातली रात्रपाळी. १८ ऑक्टोबर २०२३ ला, नवरात्राच्या चौथ्या माळेला, काही पोरंही जागी होती. पांघरुणात मोबाइल धरून ती ब्राझील आणि उरुग्वेचा सामना बघत होती. तिकडे मोंटेव्हिडिओत अजून आदल्या दिवसाची रात्र होती. मध्यंतर तोंडावर आलं असताना नेमारचा पळता पळता तोल गेला, डावा पाय जमिनीला टेकला आणि गुडघा भलतीकडेच वळला. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो स्ट्रेचरवरून बाहेर गेला. उरुग्वे २-० जिंकलं, ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. लवकरच बातमी आली की लिगामेंट फाटलंय, गुडघ्यातल्या गादीलाही मार लागलाय, शस्त्रक्रियेला पर्याय नाही.

गावात सुतक पडल्यासारखं झालं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण ज्या घरांत हाय खाल्ली, त्यांना कारण होतं. १५ ऑगस्टला नेमार पॅरिस सोडून रियाधच्या अल हिलालकडे आला होता. त्यानंतर नऊ दिवसांनी आशियाई चॅम्पियन्स लीगच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि अल हिलाल पडलं मुंबई सिटीच्याच गटात. म्हणजे नेमार महाराष्ट्रात खेळायला येणार! पेले १९७७ साली आले ते कोलकात्याला. मेस्सी २०११ मध्ये अर्जेंटिनाकडून खेळायला आला तोही कोलकात्यालाच. ते दोन्ही मैत्रीचे सामने होते. इथे मात्र खरी स्पर्धा, खरे गुण आणि मैदान नेरुळचं, डी. वाय. पाटील. तारीख ६ नोव्हेंबर. रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी पनवेल. इतक्या जवळ एवढा मोठा खेळाडू याआधी कधी आला नव्हता आणि पोरांनी ऑगस्टपासूनच गुडघ्याला बाशिंग बांधलं होतं. पुढे गुडघ्यानेच दगा दिला. फक्त तो गुडघा दुसऱ्याचा होता.

आमच्या वाडीतले दोघे तरीही गेले. जायचं ठरलेलं होतं, रजा सांगितलेली होती, नेरुळच्या मामाला कळवून झालं होतं. अल हिलाल २-० जिंकलं. परत आल्यावर एकाला विचारलं, "कसा झाला सामना?" तो म्हणाला, "मैदान मस्त आहे." यापेक्षा नेमका वृत्तान्त मी कुठल्या पेपरात वाचलेला नाही.

खरं सांगायचं तर त्या आठवड्यात नेमारसाठी हळहळायलाही फार वेळ मिळाला नाही. दुसऱ्याच दिवशी, १९ ऑक्टोबरला, पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर गोलंदाजी करताना हार्दिक पंड्याचा घोटा दुखावला आणि अख्खं गाव त्या घोट्याच्या काळजीत पडलं. क्रिकेटचा विश्वचषक चालू असताना ब्राझीलच्या गुडघ्याला विचारतो कोण? पण ज्यांना नेमार हवा होता, त्यांनी तेव्हापासून जी वाट बघायला सुरुवात केली ती बरेच दिवस चालली. मला त्या वाट बघण्याबद्दलच बोलायचं आहे. वाट बघणारा माणूस आपल्याला नेहमी साधाभोळा, निष्ठावान वगैरे वाटतो. मला तो दिवसेंदिवस सावकार वाटू लागला आहे.

आधी गुडघ्याकडे बघू, कारण चाहते सोडून बाकी सगळं ठरवतो तो गुडघाच.

वाडीतला एक मुलगा चढाईला जायचा. आमच्याकडे फुटबॉल मोबाइलवर आणि कबड्डी मातीत, अशी वाटणी आहे. हिवाळ्यात दिवे लावून सामने होतात, माती भिजवून, चोपून पटांगण तयार करतात आणि मध्यरेषा फक्की ओढून आखतात. असल्याच एका सामन्यात त्याला घोट्यात धरलं, वरून दुसरा अंगावर आला, अंग वळलं आणि गुडघा तिथंच राहिला. 'कट्' असा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. कडेला बसलेल्या एकालाही आला म्हणतात. सूज आली, तेल लावलं, हाडवैद्याकडे नेलं, पट्टा बांधला. तीन आठवड्यांत सूज उतरली. चालता येऊ लागलं, जिना चढता येऊ लागला. पोरगा खूश, मंडळ त्याहून खूश. पुढच्या सामन्यात तो उतरला, पहिल्याच चढाईत वळायला गेला आणि गुडघा निसटला. आतली दोरी केव्हाच तुटलेली होती. सरळ चालायला ती फारशी लागत नाही. वळायला लागते, थांबायला लागते, हुलकावणी द्यायला लागते. म्हणजे ज्याच्यासाठी लोक बघायला येतात, नेमक्या त्याच गोष्टींना लागते.

मग एमआरआय झाला, मग शस्त्रक्रिया. त्याच्याच मांडीमागचा स्नायुबंध काढून गुडघ्यात नवी दोरी म्हणून बसवली. लोकांना वाटतं, दोरी बसवली म्हणजे काम झालं. तसं होत नाही. नवी दोरी गुडघ्यात बसवली की आधी कमजोर होत जाते. तिच्यातल्या जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या हळूहळू आत शिरतात, मग ती लिगामेंटसारखी वागायला शिकते. ती सगळ्यात नाजूक असते ती साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, कुबड्या गेलेल्या असतात, माणसाला वाटतं आपण पळू शकतो. शरीराची ही खोड फार वाईट. आतून कच्चं असताना बाहेरून पक्कं असल्याची बतावणी करतं.

सकाळी त्याच्या घरावरून जाताना तो पडवीत बसलेला दिसायचा. पाय लांब सोडलेला, टाचेखाली पंचाची गुंडाळी. गुडघा खाली दाबायचा, मांडी आवळायची, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. परत दाबायचं. त्याची आई शिवणाची टेप घेऊन दर रविवारी दोन्ही मांड्या मोजायची आणि कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, दोन आकडे लिहायची. दुखावलेल्या पायाची मांडी भराभर वाळते आणि भरायला महिने लागतात. कबड्डीत ज्याच्या पायाला चार जण लटकायचे, त्याला महिनाभर एकच काम, पाय पुरता सरळ करायचा. त्यात टाळ्या नाहीत, गुण नाहीत, बघायला कुणी नाही. पुनरागमन म्हणून आपण ज्याचा गाजावाजा करतो, ते खरं तर या पडवीत होत असतं. मैदानावर फक्त त्याची घोषणा होते.

रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "भावा, कधी उतरतोयस?" विचारण्यात प्रेम होतं, त्याबद्दल शंका नाही. फक्त एक चाचा होते, रियाधला बरीच वर्षं ड्रायव्हर म्हणून काढलेले. ते कुंपणापाशी थांबून विचारायचे, "पाय पुरता सरळ होतो काय रे आता?" या दोन प्रश्नांत मला फार अंतर वाटतं. पहिल्यात विचारणाऱ्याला काय हवं आहे ते कळतं. दुसऱ्यात पोराचं काय चाललंय याची चौकशी आहे.

घाई केली तर काय होतं, याचा हिशेब डॉक्टरांनी मांडून ठेवला आहे. अमेरिका आणि नॉर्वेतल्या संशोधकांनी मिळून केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने होईपर्यंत, खेळायला उतरणं एकेक महिना पुढे ढकललं की गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण दर महिन्याला जवळपास निम्म्याने कमी होत जातं, असं त्यात दिसलं. नऊ महिने हा आकडा आपल्या आयाबायांना समजावून सांगायची गरज नाही. समजत नाही ते मंडळाला, क्लबला आणि पडद्यासमोर बसलेल्या आपल्याला.

ब्राझीलच्याच रोनाल्डोची गोष्ट जुन्या लोकांना आठवत असेल. नोव्हेंबर १९९९ मध्ये गुडघ्याला इजा, शस्त्रक्रिया आणि पाच महिन्यांच्या आत, १२ एप्रिल २००० ला रोममध्ये इटालियन कपच्या अंतिम सामन्यात तो बदली म्हणून उतरला. सहा-सात मिनिटं झाली असतील नसतील. चेंडूवरून पाय फिरवून हुलकावणी द्यायला गेला आणि कोणाचा स्पर्शही न होता कोसळला. ती किंकाळी ज्यांनी टीव्हीवर ऐकली ते अजून विसरलेले नाहीत. पुढचा अख्खा हंगाम गेला. मग २००२ च्या विश्वचषकात त्याने आठ गोल केले, त्यातले दोन योकोहामाच्या अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध. चाहते ही गोष्ट नेहमी योकोहामापासून सांगायला सुरुवात करतात. रोमचं नाव त्यात ओझरतं येतं.

जयगडच्या किल्ल्याचीही अशीच एक गोष्ट आहे, आणि ती आम्ही पाहुण्यांना फार अभिमानाने सांगतो. बुरूज बांधला की ढासळायचा, पुन्हा बांधला की पुन्हा ढासळायचा. नरबळी दिल्याशिवाय बांधकाम उभं राहणार नाही असं ठरलं, तेव्हा जयबा नावाचा महार समाजातला एक तरुण आपणहून पुढे आला. त्याचा बळी दिला, बुरूज उभा राहिला आणि किल्ल्याला त्याचं नाव मिळालं, असं सांगतात. किल्ल्यात त्याचं स्मारक आहे. तटावर उभं राहिलं की खाली शास्त्रीचं मुख, पलीकडे तवसाळ, मधून ये-जा करणारी फेरीबोट आणि अलीकडे बंदराच्या क्रेन, असं सगळं एका नजरेत दिसतं. पर्यटक तिथे फोटो काढतात. 'आपणहून' या शब्दापाशी मात्र मी दर वेळी अडखळतो. सगळ्या गावाचे डोळे एका तरुणाकडे लागलेले असताना त्याच्या 'आपणहून'ला किती वाव असतो? आणि बळी जायला दर वेळी गावकुसाबाहेरचाच माणूस कसा आपणहून पुढे येतो, हेही कुणी विचारत नाही.

खेळाडूला कुणी बुरुजात चिणत नाही, त्याला करोडो रुपये मिळतात, हे मान्य. तरी "देशासाठी इंजेक्शन घेऊन उतरला", "बँडेज बांधून खेळला" असली वाक्यं आपण ज्या चवीने सांगतो, त्या चवीबद्दल मला शंका आहे. दुखणं त्याचं, शौर्य त्याचं आणि कढ मात्र आपल्याला येतात.

सावकाराकडे परत येतो. वाट बघताना माणूस मनातल्या मनात एक खातं उघडतो. मी इतके महिने थांबलो, लोक नावं ठेवत होते तेव्हा मी तुझी बाजू घेतली, तुझा जुना व्हिडिओ शंभर वेळा पाहिला. दिवस जातील तसं व्याज चढत जातं. मग तो खेळाडू परततो आणि पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर ही चोपडी उघडली जाते. त्याने कर्ज घेतलेलंच नसतं. त्याला माहीतही नसतं की रत्नागिरी जिल्ह्यात कुणीतरी त्याच्या नावावर एवढी रक्कम लिहून ठेवली आहे.

चाचांनी आखातातून सुट्टीवर येण्याबद्दल एकदा सांगितलं होतं, ते अगदी असंच आहे. दोन वर्षांनी माणूस घरी येतो. घरचे विमानतळावर नेऊन पोचवलेल्या माणसाची वाट बघत असतात. उतरतो तो कंबर धरलेला, केस पांढरे झालेला, उन्हाने वाळलेला. त्याला दोन दिवस झोपायचं असतं. आणि इकडे गळकं छप्पर, भाचीचं लग्न, बांधावरची भांडणं, सगळं त्याच्यासाठी राखून ठेवलेलं असतं. "आला ना आता, बघेल तो." चाचा हसून म्हणाले, "तिथं वाटायचं घरी जाऊन आराम करू. घरी आलो की वाटायचं ड्यूटी बरी."

आपण मराठी माणसांनी ही चोपडी सर्वांत निर्दयपणे उघडली ती आपल्या सगळ्यांत लाडक्या माणसापुढे. 'टेनिस एल्बो' हा आजार २००४ साली महाराष्ट्रातल्या घराघरात माहीत झाला. टेनिसची रॅकेट ज्यांनी कधी हातात धरली नव्हती, तेही पानाच्या टपरीवर कोपर वाकवून एकमेकांना दाखवत, कुठे दुखतं ते समजावून सांगत. सचिनच्या कोपरावर मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्या काळात त्याला बॅट उचलायलाही त्रास होत होता. २५ ऑक्टोबर २००५ ला नागपुरात श्रीलंकेविरुद्ध तो परतला आणि ९३ धावा केल्या. दिवाळी आठवड्यावर आली होती, ती आमच्याकडे त्या दिवशीच झाली. डिसेंबरमध्ये दिल्लीत त्याने पस्तिसावं कसोटी शतक करून सुनील गावसकरांचा विक्रम मोडला. सगळं देणं फिटलं, असं वाटायला हरकत नव्हती.

पुढे मार्च २००६ मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध कसोटी होती. सचिन एकवीस चेंडूंत एक धाव करून बाद झाला आणि परत जाताना प्रेक्षकांतल्या काही जणांनी हुर्यो उडवली. त्याच्या स्वतःच्या शहरात, त्याच्या स्वतःच्या मैदानावर. तेव्हा त्याचा खांदाही दुखावलेला होता आणि सामन्यानंतर त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली, हे आरडाओरडा करणाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? ते लोक सचिनचे शत्रू नव्हते, हे मला महत्त्वाचं वाटतं. हीच मंडळी महिनोन् महिने कोपराच्या बातम्या वाचत थांबली होती. ज्यांनी वाट पाहिली नव्हती, त्यांना त्या एका धावेचं एवढं काही वाटलं नसेल. पाच वर्षांनी, २ एप्रिल २०११ च्या रात्री, त्याच वानखेडेवर त्याला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली, तेव्हा त्या गर्दीत २००६ ची काही माणसं नक्की असणार. आपला समाज विसरभोळा आहे, हे कधी कधी खेळाडूंच्या पथ्यावर पडतं.

कबड्डीच्या बाबतीत आपण थोडे बरे वागतो, असं माझं निरीक्षण आहे. कदाचित तिथे खेळाडू आपल्यातलाच वाटतो म्हणून असेल. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारचं बघा. डिसेंबर २०२२ मध्ये पुणेरी पलटण पहिल्यांदा प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात पोचली आणि अस्लम दुखापतीमुळे बाहेर बसला. पलटणचाच मोहित गोयतही बाहेर. पलटण मुंबईत जयपूरकडून २९-३३ अशी हरली. पुढच्या हंगामात अस्लम कर्णधार झाला, मध्ये भारताकडून हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये पलटणने हरियाणाला २८-२५ हरवून पहिल्यांदा करंडक उचलला. त्यानंतरच्या हंगामात गुडघा गेला. तो मधूनच बाहेर पडला आणि विजेत्या संघाला पहिल्या सहांतही जागा मिळाली नाही. २०२५ मध्ये तो परत आला, कर्णधार म्हणून संघाला पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला आणि दिल्लीकडून तीन गुणांनी हरला. पण "अस्लम पूर्वीचा राहिला नाही" असं मी वाडीत एकदाही ऐकलं नाही. "पायावर जोर देत होता पोरगा," एवढंच ऐकलं. त्यांना गुडघा कळतो. त्यांच्यातल्या निम्म्यांचा कधी ना कधी गेलेला आहे.

आता नेमारचं काय झालं ते सांगायला हवं. २ नोव्हेंबर २०२३ ला, नेरुळच्या सामन्याच्या चार दिवस आधी, ब्राझीलमध्ये त्याची शस्त्रक्रिया झाली. वर्ष उलटून गेल्यावर, २१ ऑक्टोबर २०२४ ला, तो अल हिलालकडून अल ऐनविरुद्ध शेवटची पंधरा-वीस मिनिटं खेळला. दोन आठवड्यांनी पुन्हा बदली म्हणून उतरला आणि अर्ध्या तासात मांडी धरून बाहेर आला. जानेवारी २०२५ मध्ये क्लबने करार संपवला. एवढ्या काळात त्याच्या नावावर सात सामने आणि एक गोल जमा झाले. आकडे बघून वाडीतली पोरं गप्प झाली. कुणी कुणी दुसऱ्या खेळाडूच्या नावाचा टी-शर्ट घेतला. मी त्यांना दोष देत नाही. वाट बघण्याचंही वय असतं आणि अठराव्या वर्षी दीड वर्ष म्हणजे फार झालं.

नेमार गेला आपल्या जुन्या सांतोसकडे, जिथे तो लहानपणी घडला. ५ फेब्रुवारीला, तेहतिसाव्या वाढदिवशी, त्याने पहिला सामना खेळला. वर्षभर काही ना काही दुखत राहिलं. डिसेंबर आला तेव्हा सांतोस खालच्या श्रेणीत घसरायच्या बेतात होतं आणि नेमारच्या डाव्या गुडघ्यातल्या गादीला पुन्हा इजा झाली होती. तरी तो खेळला. ३ डिसेंबरला जुव्हेंतुदेविरुद्ध त्याने एकट्याने तीन गोल केले. सांतोस वाचलं. मग त्याच महिन्यात त्याच गुडघ्यावर पुन्हा शस्त्रक्रिया.

वाडीत पुन्हा चैतन्य आलं. दोन वर्षांत ज्यांनी त्याचं नाव काढलं नव्हतं, तेही मोबाइल पुढे करून तीन गोल दाखवत होते. एका पायावर खेळला, क्लबसाठी जीव टाकला, असा पाहिजे खेळाडू! मलाही ते गोल बघताना आनंद झाला, नाही कशाला म्हणू? मी ते दोनदा बघितले. चाचा तेवढे म्हणाले, "जिंकले ते ठीक. पाय कोणाचा गेला?" त्यावर एक पोरगा उसळून म्हणाला, "चाचा, त्यानेच ठरवलं ना खेळायचं!" चाचांनी उत्तर दिलं नाही. मला जयबाच्या गोष्टीतला तो 'आपणहून' आठवला, पण तिथे बोललो असतो तर माझंच काहीतरी बिनसलंय असं पोरांना वाटलं असतं.

पडवीतला मुलगाही तिथे होता. त्याने ते तीन गोल इतरांसारखे पाहिले नाहीत. तो एकच जागा पुन्हा पुन्हा मागे घेऊन बघत होता. गोल झाल्यावर सगळे मिठी मारायला धावतात, ती. "डावा पाय टाकताना बघा," तो म्हणाला, "वजन देत नाहीये." मग त्याने मोबाइल ज्याचा त्याला दिला. त्याचा स्वतःचा सातवा महिना चालू आहे. मांडीच्या मापात अजून थोडा फरक आहे, असं त्याची आई म्हणाली. फिजिओने सरळ पळायला परवानगी दिली आहे, वळायला दिलेली नाही.

मंडळाचे सामने पुढच्या पंधरवड्यात आहेत. फेरीबोटीच्या धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बॅनर लागला आहे. मधोमध त्याचा चढाईतला जुना फोटो, हात पुढे केलेला, डावा पाय हवेत, आणि वर ठळक अक्षरांत 'वाघ परत येतोय'. त्याला कुणी विचारलेलं नाही. बॅनरचे पैसे वर्गणी काढून भरले आहेत आणि त्या वर्गणीत माझेही शंभर रुपये आहेत.